देवीनं बाबांना वाचवलं, मग त्या तिघांना का नाही?

पत्र नेरूळहून आलंय, जरा कापून देते.

"मावशी, मला अगंतुगं केलंत तरी चालेल, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन. मिस्टर मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहेत. मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावर येमेनमधल्या हूथी बंडखोरांचं मिसाइल पडलं आणि तीन जण गेले, तेव्हा ह्यांचं जहाज त्याच रूटला होतं. सासूबाईंनी वज्रेश्वरीला नवस बोलला. हे सुखरूप घरी आले. नवस फेडायचा काही ना काही कारणानं राहिला, आता हे परत जॉइन होतायत तर सासूबाई म्हणतात आधी ओटी भरून या. त्यावर आमची लेक, आठवीत आहे, ताडकन म्हणाली, 'आजी, देवीनं बाबांना वाचवलं तर त्या तिघांना का नाही? त्यांच्या घरी पण कोणीतरी प्रार्थना करत असेलच ना? आणि देवाला थांबवता येतं तर तो युद्ध होऊच का देतो?' तेव्हापासून ती दिव्यापुढे उभी राहत नाही. सासूबाई म्हणतात तुझ्या लाडानं बिघडली. सोसायटीतले एक काका म्हणाले ज्याचं त्याचं कर्म. तिची बेस्ट फ्रेंड बौद्ध आहे, ती म्हणाली आमच्यात हा प्रश्नच येत नाही. खरं सांगू, उत्तर मलाच माहीत नाही आणि आता हात जोडताना मलाच कसंतरी होतं. वज्रेश्वरीला जाऊ की नको?"

अगं, जा. पण कसं जायचं ते खाली सांगते, आधी लेकीचं बघू, कारण तुझ्या घरात सगळ्यात सरळ विचार तीच करतेय.

सासूबाईंना सांग (माझं नाव पुढे कर, शिव्या मला बसू देत) की हा प्रश्न विचारणारी तुमची नात काही पहिली नाही. महाभारतातच तो दोनदा विचारलाय आणि तोही थेट कृष्णाला, तोंडावर. एकदा गांधारीनं. युद्ध संपलंय, शंभर मुलगे मेलेत, ती रणांगणावर फिरतेय आणि मग कृष्णाकडे वळून म्हणते, तुझ्याकडे ताकद होती, सैन्य होतं, तुझा शब्द चालत होता, तरी तू हे होऊ दिलंस, बघत बसलास, म्हणून तुला शाप देते, छत्तिसाव्या वर्षी तुझंही कुळ असंच आपसात मारामारी करून संपेल. आणि कृष्ण काय करतो? रागावत नाही, 'पाखंडी बाई' म्हणत नाही. हसून म्हणतो, हे असं होणारच आहे, मला माहीत आहे. पुढे तो तिला सुनावतोही की तुझ्या मुलाला तू वेळेवर आवरलं नाहीस. मला तो भाग आवडत नाही, एवढी पोरं गेलेल्या बाईला त्या क्षणी हे ऐकवायचं नसतं, पण ते तिथे आहे तर आहे. मुद्दा असा की देवाला जाब विचारणारी ही आई व्यासांनी कापून टाकली नाही, अख्खं स्त्रीपर्व तिच्यासाठी ठेवलंय.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. युद्धानंतर कृष्ण द्वारकेला निघालाय, वाटेत वाळवंटात उत्तंक ऋषी भेटतात. त्यांना बिचाऱ्यांना काही पत्ताच नाही, ते सहज विचारतात, काय रे, कौरव पांडवांचा समेट करून आलास ना? कृष्ण म्हणतो, प्रयत्न खूप केले, जमलं नाही, सगळे मेले. उत्तंक एवढे भडकतात की शाप द्यायलाच निघतात, तुला थांबवता येत होतं आणि तू थांबवलं नाहीस! म्हणजे तुझ्या लेकीचंच वाक्य. तेव्हा कृष्ण जे सांगतो ते मला फार मोठं वाटतं. तो म्हणतो, मी ज्या योनीत जन्म घेतो तसाच वागतो, आत्ता माणूस आहे, म्हणून माणसासारखी त्यांच्यापुढे दीनपणे याचना केली, भीतीही घालून बघितली, त्यांनी ऐकलं नाही. आपण लहानपणापासून कृष्णशिष्टाई ऐकतो, पाच गावं द्या म्हणाला, दुर्योधन सुईच्या टोकाएवढी जमीन देणार नाही म्हणाला वगैरे, पण त्यात देवानं हात पसरले होते आणि माणसानं नाही म्हटलं, हे आपल्या डोक्यात शिरत नाही. मग उत्तंकांना विश्वरूपही दाखवलं, ते शांत झाले. तुझी लेक एवढ्यानं शांत होईल असं मला वाटत नाही. ती म्हणेल, विश्वरूप दाखवता येतं तर दुर्योधनाचा हात धरता येत नव्हता का? म्हणू दे.

आता ते सोसायटीतले काका. ज्याचं त्याचं कर्म, हे ते हवेतलं बोलले नाहीत, त्यामागे मोठं शास्त्र आहे, हे मान्यच करायला हवं. ब्रह्मसूत्र म्हणजे वेदान्ताचा मूळ ग्रंथ, त्याच्या दुसऱ्या अध्यायात हाच आरोप घेतलाय की देव एकाला सुखात ठेवतो, एकाला दुःखात, म्हणजे तो पक्षपाती आणि निर्दय झाला. शंकराचार्य तिथे म्हणतात, तसं नाही, देव पावसासारखा आहे, पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो, तांदूळ उगवेल की जव ते बियाण्यावर, आणि बी म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. तर्क म्हणून हे पक्कं आहे. पण शंकराचार्य देवावरचा आरोप खोडत होते, ते काही कुठल्या मेलेल्या खलाशाच्या बायकोला दारात उभं राहून हे सांगत नव्हते ना! माझं म्हणणं असं की कर्माचा हिशोब माणसानं स्वतःच्या दुःखापुरता मांडावा, मला झेपेल तसा, मला धीर मिळावा म्हणून. दुसऱ्याच्या दुःखावर तो मांडला की तो धर्म राहत नाही, आपण सुरक्षित आहोत ह्याची शेखी होते. काकांना एवढंच विचार की उद्या तुमच्या मुलाच्या बाबतीत कोणी हे म्हटलं तर?

हीच गोष्ट ज्यूंच्या ग्रंथात फार कडक सांगितलीय. ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलजवळ बेने इस्रायल लोकांचं सिनेगॉग आहे बघ, शार हाशामाईम, १८७९ चं, आपल्यासारखंच घरात मराठी बोलणारी माणसं ती. त्यांच्या बायबलात ईयोब म्हणून एक सज्जन माणूस आहे, त्याची मुलंबाळं जातात, गुरंढोरं जातात, अंगावर फोडं येतात. मित्र भेटायला येतात, सात दिवस त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसतात, इथपर्यंत उत्तम. मग तोंड उघडतात आणि सुरू, तू काहीतरी पाप केलं असशील, त्याशिवाय देव असं करणार नाही. ईयोब मात्र ठाम, मी काही केलेलं नाही, देवानंच मला उत्तर द्यावं. शेवटी देव बोलतो, ईयोबाला कारण सांगतच नाही, तुला जग कसं चालतं ते काय माहीत असं बरंच सुनावतो, पण राग काढतो तो मित्रांवर! तुम्ही माझ्याबद्दल नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असं म्हणतो. म्हणजे देवाची बाजू घेऊन स्पष्टीकरणं देणारे चुकले आणि भांडणारा बरोबर ठरला. काकांना ही गोष्टपण पाठवून दे हवं तर.

आता तुझा खरा काटा, तो पक्षपाताचा. आमच्या प्रार्थनेनं आमचा माणूस वाचला म्हणायचं तर त्या तिघांच्या घरचं काय? दोघं फिलिपिन्सचे, एक व्हिएतनामचा. फिलिपिनो म्हणजे बहुतेक कॅथलिक, त्यांच्या घरीही मेणबत्त्या लागल्याच असणार. बरं त्याच जहाजावर एक भारतीयही होता, तो वाचला, आपल्या आयएनएस कोलकातानं बाकीच्यांना लाइफ राफ्टमधून उचललं. त्याच्या आईनं कुठल्या देवाला काय बोललं असेल कोण जाणे.

ह्यावर मला वज्रेश्वरीचीच गोष्ट सांगायचीय, कारण नवस तिथलाच आहे. असं सांगतात की चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला, किल्ला हाती आला तर तुझं देऊळ बांधीन. १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले आणि देऊळ झालं. म्हणजे सासूबाई ज्या पायऱ्या चढणार आहेत त्या लढाईच्या नवसाच्याच आहेत. आता किल्ल्याच्या आत बघ. आत चर्च होती, पाद्री होते, तेही त्यांच्या देवाला हेच मागत होते की किल्ला वाचव. मराठ्यांची माणसं सुरुंगात आणि तटावर भरपूर मेली, त्यांच्या घरीही कुलदैवतं होतीच की. एकाच लढाईत देवीनं कोणाचं ऐकलं आणि कोणाचं नाही, ह्याचा हिशोब तुला मला लागणार नाही. मला त्या लढाईतलं आवडतं ते वेगळंच, शरण आलेल्यांना चिमाजीअप्पांनी बायकामुलं आणि सामानासकट बाहेर जाऊ दिलं. ते देवीवर टाकून चाललं नसतं, ते माणसानंच करायचं होतं.

अमेरिकेत लिंकननंही यादवी युद्ध संपत आलं तेव्हा, मार्च १८६५ च्या भाषणात, हेच बोलून दाखवलं की दोन्हीकडचे एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याची मदत मागतात, दोघांचं मागणं पुरं होणं शक्य नव्हतं. जिंकत आलेल्या बाजूचा माणूस हे बोलतो, देव आमच्याच बाजूला होता असं ठोकून देत नाही, हे विशेष.

पण ह्या सगळ्यात मला सगळ्यात जवळचे वाटतात ते गुरू नानक. १५२० च्या आसपास बाबरानं पंजाबात सैदपूर लुटलं, कत्तल केली. नानकांनी ते पाहिलं आणि देवाला सरळ विचारलं, एती मार पई करलाणे, तैं की दरद न आइआ? एवढा मार पडला, लोक आक्रोश करत होते, तुला काहीच दुखलं नाही? आणि पुढे म्हणतात की तू तर सगळ्यांचाच कर्ता आहेस, बलवानानं बलवानाला मारलं तर मनात रोष येणार नाही, पण वाघानं गाईंच्या कळपावर झडप घातली तर मालकानं उत्तर द्यायला नको का. हे गुरू ग्रंथसाहिबात आहे बरं का, रोज ज्याच्यापुढे लोक डोकं टेकतात त्या ग्रंथात. म्हणजे शिखांच्या घरात ही तक्रार प्रार्थनेचाच भाग आहे. आपल्याकडेही तुकोबांनी दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेलेली पाहिली, आणि पुढे एकदा वैतागून लिहिलंच ना, माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल. सासूबाई वारीच्या दिवसांत तुकारामांचे अभंग लावत असतील तर त्यांना हा अभंग आठवून दे, हळूच.

मुसलमानांकडे हा प्रश्न माणसाच्या आधीच विचारून झालाय. कुराणात दुसऱ्या सुरेत अल्ला फरिश्त्यांना सांगतो की मी पृथ्वीवर माझा प्रतिनिधी नेमणार आहे, तर फरिश्ते म्हणतात, जो तिथे बिघाड करेल आणि रक्त सांडेल अशाला नेमणार? उत्तर एवढंच येतं की मला जे माहीत आहे ते तुम्हाला माहीत नाही. ख्रिश्चनांमध्ये संत ऑगस्टीनपासून चालत आलेलं उत्तर म्हणजे देवानं माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं, वाईट त्यातून आलं. निम्मं मला पटतं, कारण भूकंप आणि युद्ध एक नाही, मिसाइलचं बटण कोणीतरी दाबलेलं असतं, त्याला ते कोणीतरी विकलेलं असतं, आणि हे सगळं होऊन गेल्यावर 'देवानं होऊ दिलं' म्हणणं बटण दाबणाऱ्याच्या फार सोयीचं आहे. निम्मं पटत नाही, कारण स्वातंत्र्य वापरलं एकानं आणि मेला तिसराच, इंजिनरूममध्ये ड्युटी करणारा, ज्याचं त्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं.

आणि लेकीची मैत्रीण बरोबर बोलली. बुद्धांकडे जग चालवणारा ईश्वर नाहीच, बाबासाहेबांनीही तेच स्पष्ट मांडलंय, त्यामुळे देवानं का होऊ दिलं हा प्रश्न पडत नाही. जैनांकडेही सृष्टीकर्ता नाही. पण प्रश्न पडत नाही म्हणजे सुटका होते असं नाही हं, उलट सगळं माणसाच्या गळ्यात पडतं. अशोकाचा तेरावा शिलालेख बघ. कलिंगात दीड लाख माणसं पकडून नेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली, असं राजा स्वतः दगडावर कोरून ठेवतो आणि त्याचा मला पश्चात्ताप होतोय म्हणतो. त्यात नशीब नाही, दैव नाही, शत्रूची चूक नाही. आपल्या इथल्या सोपाऱ्यालाही अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडलेत, हा तेरावा नाही पण त्याच मालेतले. मुलींना दोघींना मिळून ह्यावर शाळेचा प्रोजेक्ट करायला सांग, भांडण तरी गोड होईल.

तर मग तुझं उत्तर काय? माझ्याकडे ते तीन खलाशी का गेले ह्याचं उत्तर नाही, आणि जो म्हणेल माझ्याकडे आहे त्याच्यापासून लेकीला लांब ठेव, मग तो कीर्तनकार असो की यूट्यूबवरचा बाबा. पण तिला असं सांग की तुझा प्रश्न देवावर विश्वास नसलेल्यांचा नाही, सगळ्यात जास्त विश्वास असलेल्यांनीच तो सगळ्यात मोठ्यानं विचारलाय, गांधारीनं, ईयोबानं, नानकांनी, तुकोबांनी. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याला कोण जाब विचारतं? आणि तुझा विश्वास उडाला तरी चालेल, आई म्हणून मी आहेच, हेपण सांग. आठवीतल्या पोरीला हे वाक्य देवापेक्षा जास्त लागतं.

दिव्यापुढे उभं राहायची जबरदस्ती करू नकोस. सासूबाईंना अगदीच राहवत नसेल तर मधला मार्ग असा की शुभंकरोतीऐवजी तिला पसायदान म्हणू दे. त्यात ज्ञानोबांनी आमच्या बाबांना वाचव, आमच्या घराला दे असं काहीच मागितलेलं नाही. खळांची व्यंकटी सांडो म्हणजे दुष्ट मरोत असंही नाही, त्यांचा वाकडेपणा जावो, त्यांनाही चांगलं काम आवडायला लागो, आणि भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें. युद्ध नको असलेल्या मुलीला ह्याच्यात हरकत घेण्यासारखं काही सापडणार नाही, आणि सापडलं तर मला कळव, मला ऐकायला आवडेल.

वज्रेश्वरीला सासूबाईंना घेऊन जा. त्या बाईनं मुलगा समुद्रात असताना ते दिवस कसे काढले असतील ते तिचं तिला माहीत, नवस हा तिच्या जिवाला एकच धरायला आधार होता, तो फेडू दे. ओटी भर, आभार मान. आभार मानणं म्हणजे आमच्यावर मेहेरबानी झाली आणि त्यांच्यावर नाही असं म्हणणं नव्हे, माणूस घरी आला ह्याचा आनंद व्हायलाच हवा. फक्त तिथे उभी राहून त्या तिघांचंही मनात आण, आणि येताना त्यांच्या नावानं कुठेतरी पैसे दे, खलाशांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्था आहेत, नवरा सांगेल. अंबाडी नाक्याकडून ट्रॅफिक लागतं, सकाळी लवकर निघा. लेकीला यायचं नसेल तर नाही आली तरी चालेल, आजीला आधीच सांगून ठेव म्हणजे गाडीत तमाशा नको.

आता शेवटचं, आणि हे देवाधर्माच्या बाहेरचं आहे पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तू पत्रात एवढं लिहिलंस पण नवरा स्वतः काय म्हणतो ते एका ओळीतही नाही. शिपवरची माणसं घरी बोलत नाहीत, 'तू नको टेन्शन घेऊस' म्हणून विषय संपवतात. जॉइन व्हायच्या आधी त्याला बसवून विचार की कॉन्ट्रॅक्टवर आयबीएफचं ॲग्रीमेंट (खलाशांच्या युनियन आणि जहाज कंपन्या मिळून ठरवतात तो करार) लागू आहे का. असेल तर जो भाग 'वॉरलाइक' म्हणून जाहीर झालाय तिथे जायला तो नकार देऊ शकतो, कंपनीच्या खर्चानं घरी येऊ शकतो, आणि जायचं ठरवलं तर बेसिक पगाराएवढा बोनस मिळतो, मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाई डबल होते. नकार द्यायचा की नाही हे त्याचं त्यानं ठरवावं, ऑफिसरला पुढच्या प्रमोशनची काळजी असते, मला कळतं, पण घरात हे बोललं तरी गेलं पाहिजे. लागू नसेल तर युनियनला फोन करून आपल्याला काय काय मिळतं ते लेखी घ्यावं. आणि जाहीर झालेल्या भागांची यादी बदलत असते, तेव्हा आत्ताची विचारा, गेल्या कॉन्ट्रॅक्टच्या वेळची नको.